सरांचा ‘मात्र’

उजव्या हाताची तीन बोटं वर करायची, मग डाव्या हातानं त्यातली दोन बोटं दाबून मिटवायची आणि उरलेलं एक बोट आमच्यासमोर हलवायचं. ते हलवत सर म्हणायचे, “हा मात्र. बाकी सगळे सुम्म.”

सुम्म म्हणजे गप्प. हा शब्द बेळगावात कुणाला सांगावा लागत नाही. ‘मात्र’ मात्र सांगावा लागतो. तो मला उशिरा कळला, आणि त्यावरून माझं शिक्षण थांबायची वेळ आली होती. म्हणून हे लिहिते आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

सर आम्हाला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला एकाहून जास्त चलांचं कॅल्क्युलस शिकवायला होते. ज्यांनी गणित घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेत एकच गोष्ट बदलत असते, एक्स. इथं एक्स बदलतो, वाय बदलतो, कधी झेडही बदलतो, आणि या सगळ्यांवर अवलंबून काहीतरी चढत-उतरत असतं. चढ किती आहे हे बघायला एकालाच हलवायचं आणि बाकीच्यांना धरून ठेवायचं. सरांची ती तीन बोटं म्हणजे हे तिघं.

सर मूळचे बागलकोटकडचे, घरची भाषा कन्नड. बायको निपाणीला नर्स होती, म्हणून ते निपाणीत राहायचे आणि रोज बसनं बेळगावला यायचे. मराठी ते त्या बसमध्येच शिकले होते. त्यामुळे त्यांची मराठी शिक्षकाची नव्हती, बसमधली होती. इंग्रजीत व्याख्या सांगून झाली की फळ्याकडं पाठ करायचे आणि म्हणायचे, “लई सोपं हाय गं. घाबरू नका बे.” सोपं कधीच नसायचं. आणि त्यांना लिंग सापडायचं नाही. “माझा खडू कुठं गेली?” असं विचारलं की मागचा बाक खिदळायचा. सर थांबून विचारायचे, “गेला? गेली? गेलं?” आम्ही सगळे एकदम “गेला!” ओरडायचो. सर मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्यात म्हणायचे, “डस्टर पण गेली वाटतं.”

मी हसायची नाही. मला हसायची भीती वाटायची. हसलं की सरांचं लक्ष जाईल, लक्ष गेलं की उभं करतील, आणि उभं केलं की बोलावं लागेल.

आमचं गाव जांबोटीच्या पलीकडं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं एकदम सगळं इंग्रजीत. वाचून समजायचं, लिहायला जमायचं, पण तोंडातून वाक्य बाहेर पडताना मध्येच तुटायचं. बेळगावात मी सरकारी वसतिगृहात राहत होते. तिथला नियम साधा होता, पास झालात तर पुढच्या वर्षी जागा, नाहीतर गाठोडं बांधायचं. आणि गावाकडून रोज ये-जा होण्यासारखी नव्हती. आप्पा फोनवर दर वेळी एकच बोलायचे, “बाई, पास तेवढी हो. आपल्या बसचा भरवसा न्हाय. हॉस्टेल गेलं की कॉलेज गेलंच म्हण.” ते धमकी देत नव्हते. जे होतं तेच सांगत होते, म्हणूनच मला जास्त धडधडायचं.

पहिल्या चाचणीत काय झालं ते सांगते.

सरांनी वर्गात सांगितलं होतं, “इथं एक्स मात्र बदलतंय.” मी वहीत लिहून घेतलं. मराठीत ‘मात्र’ म्हटलं की आधीच्या गोष्टीला ‘पण’ जोडतो आपण. मला वाटलं, आणखी कुणीतरी बदलतंय, पण एक्ससुद्धा बदलतोय. त्या आणखी कुणाची मी वाट बघत राहिले. सरांनी ते वाक्य पुढं नेलंच नाही. मग मीच ठरवलं, वायही बदलत असणार.

पेपरात एक्सच्या वर्गाला वायनं गुणलेलं होतं आणि एक्सच्या दिशेनं चढ विचारला होता. मी दोघांनाही हलवलं. उत्तर आलं दोन एक्स.

सर पेपर घेऊन माझ्या बाकापाशी आले. “वाय कुठं गेली गं? कोण खाल्लं?”

मी उभी राहिले.

“मी सांगितलं होतं की. एक्स मात्र!”

“व्हय सर,” मी कसंबसं म्हटलं, “एक्स मात्र. पण मग वाय?”

“वाय न्हाय! मात्र म्हणजे मात्र!”

“व्हय सर, मात्र.”

वर्गात हशा फुटला. सर माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्याकडं. दोघंही तोच शब्द घट्ट धरून बसलो होतो आणि कुणाचंच कुणाला पोचत नव्हतं. शेवटी शेजारी बसलेली सुजाता उठली. ती निपाणीची, वसतिगृहात माझ्याच खोलीत राहायची. दोन्ही भाषा तिला सारख्या यायच्या आणि भीती कशाचीच नव्हती. “सर, थांबा. ही मराठी मात्र धरल्या, तुम्ही कन्नड मात्र सोडलाय. सरांचा मात्र म्हणजे ‘फक्त’, गं. फक्त एक्स!”

सरांनी खालच्या आवाजात विचारलं, “मराठीत मात्र म्हणजे फक्त न्हाय?”

“न्हाय सर. पण.”

“पण काय?”

“पणच सर! मात्र म्हणजे ‘पण’!”

तेव्हा मात्र मीही हसले. पण सर हसले नाहीत. माझा पेपर हातात घेऊन ते परत गेले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “म्हणजे चूक हिची न्हाय.” मार्क काही वाढवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती तीन बोटं सुरू झाली. त्यांनी ‘मात्र’ सोडला नाही, त्याला बोट जोडलं. हळूहळू आम्हीही तसंच बोलायला लागलो. वसतिगृहाच्या जेवणघरात ताटात एकच भाजी असली की सुजाता बोट हलवायची, “वांगी मात्र. बाकी सुम्म.”

आणि मग एक तक्रार झाली.

कुणी केली ते कळलं नाही. इकडं कोण कुठल्या भाषेत बोलतं यावर लोकांचं बारीक लक्ष असतं. सर वर्गात मराठी बोलतात असं कुणीतरी वर कळवलं. विभागप्रमुखांनी सरांना बोलावून सांगितलं की वर्गात इंग्रजीच पाहिजे. सर अतिथी व्याख्याते होते. म्हणजे दर वर्षी नवी यादी निघायची, तिच्यात नाव आलं तर नोकरी. त्यांना मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. ते वर्गात आले, नेहमीसारखी बोटं वर केली, दोन मिटवली आणि म्हणाले, “ओन्ली धिस. अदर्स कॉन्स्टंट.” एवढंच. मागच्या बाकावरचा एक मुलगा कुजबुजला, “आता सरच सुम्म.” कुणी हसलं नाही.

पुढचे सगळे तास तसेच गेले. शिकवण्यात कमी नव्हतं, पण वर्गात कुणी कुणाला ‘गेला’ म्हणून ओरडत नव्हतं.

त्याच दिवसांत सॅडल पॉइंट आला. सॅडल म्हणजे घोड्याचं खोगीर. आमच्यापैकी कुणीही घोड्यावर बसलेलं नव्हतं. सरांनी फळ्यावर आकृती काढली, ती मोडक्या चपलेसारखी दिसत होती. त्यांनी ती पुसली, पुन्हा काढली, पुन्हा चप्पलच झाली. मग ते दाराकडं गेले, बाहेर डोकावले, दार लोटलं आणि पिशवीतून डबा काढला. डब्याच्या झाकणावर तळलेला उडदाचा पापड होता. तळताना पापड कसा वाकतो ते तुम्ही पाहिलं असेल. दोन कडा वर येतात आणि दुसऱ्या दोन खाली जातात.

सरांनी तो दोन बोटांत धरला. “ह्या दिशेनं मुंगी चालली,” ते एकदम मराठीत आले, “तर मध्यभागी दरी. ह्या दिशेनं चालली तर मध्यभागी डोंगर. मध्ये उभी राहिली तर सपाट. मुंगीला वाटतं पोचलो. कुठं पोचलो? वर न्हाय, खाली न्हाय. एकाच दिशेनं बघून सांगितलं की फसली.” मग त्यांनी पापडाचे तुकडे केले आणि पुढच्या बाकांवर वाटले. “खावा लवकर. पुरावा ठेवू नका.”

मला पापड खाताना आमच्या गावामागची खिंड आठवली. रस्त्यानं जाणाऱ्याला ती सगळ्यात उंच जागा वाटते. कड्यावरून गुरं आणणाऱ्याला तीच सगळ्यात खोल. मला हे सरांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

वर्षाच्या शेवटी लेखी परीक्षा आणि प्रॅक्टिकल दोन्ही होतं. प्रॅक्टिकलमध्ये तोंडी परीक्षा, आणि तिच्यात वेगळं पास व्हावं लागायचं. लेखीची मला फारशी भीती नव्हती. सरावाच्या तोंडी परीक्षेला मात्र मी एका प्रश्नाचंही उत्तर दिलं नव्हतं. उत्तरं येत होती. ती घशापर्यंत यायची आणि इंग्रजीच्या दारात अडकायची. सर म्हणाले होते, “मी असतो म्हणून आज चाललं. त्या दिवशी बाहेरचा माणूस येणार. तोंड उघड गं, कुठल्या पण भाषेत उघड. बंद तोंडाला मार्क कसं देऊ?”

तो दिवस आला. बाहेरचे परीक्षक विजयपूरकडचे होते, वयस्कर, अंगात पांढरा शर्ट. ते कमी बोलायचे. शेजारी सर अंतर्गत परीक्षक म्हणून बसले होते. माझ्या आधी आत गेलेली मुलगी रडत बाहेर आली. सुजातानं माझा हात दाबला. “तुला येतंय सगळं. सोड फक्त.” मी आत गेले तेव्हा हातातलं हॉल तिकीट ओलं झालं होतं.

परीक्षकांनी कागदावर लिहिलं, एक्सचा वर्ग वजा वायचा वर्ग. शून्य-शून्य या बिंदूवर बोट ठेवलं. “हिअर. मॅक्सिमम ऑर मिनिमम?”

मी दोन्ही दिशांचे चढ काढून दाखवले, दोन्ही शून्य. एवढं कागदावर झालं. मग त्यांनी कागद बाजूला सरकवला. “टेल. डोन्ट राइट.”

मी सरांकडं बघितलं. त्यांचा उजवा हात टेबलावर होता, बोटं किंचित उचललेली. परीक्षकांनीही ते बघितलं. ते शांतपणे म्हणाले, “सर, प्लीज. नो हेल्प.” सरांनी हात उचलला आणि टेबलाखाली नेला. दोन्ही हात खाली गेले. सर नजर खाली घालून बसले.

मला वाटलं, संपलं. वसतिगृहाची खोली, खिडकीतला माझा तांब्या, आप्पांचा आवाज, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. परीक्षकांनी पेन उचललं.

“सर,” मी म्हणाले, “मराठीत सांगू?”

हा प्रश्न मी मराठीतच विचारला होता. परीक्षक सरांकडं वळले. सरांचा चेहरा उतरला. मराठीवरून त्यांना आधीच बोलणी बसली होती, आणि आता बाहेरच्या माणसासमोर त्यांचीच विद्यार्थिनी मराठी मागत होती. परीक्षक कन्नडमध्ये बोलले; वर्षभर ऐकून तेवढं मला कळायला लागलं होतं. ती सांगू दे, तुम्ही मला सांगा, पण तिचं आहे तेवढंच. तुमचं काही घालू नका.

“आता सांग,” सर म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता.

मी सुटलेच. “एक्स मात्र हलवला की दोन्हीकडं वर जातंय, सर. म्हणून मधला बिंदू सगळ्यात खालचा. मिनिमम.”

बोलून झाल्यावर मला एवढं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसले. वाक्य पुरं झालं होतं! बरोबर की चूक, हे मनातच आलं नाही.

सर गप्प होते. का गप्प आहेत ते मला कळेना. आता कळतं. समोरच्या माणसाला मराठी येत नव्हती. सरांनी एक शब्द इकडचा तिकडं केला असता तरी त्यांना समजलं नसतं. मला समजलं असतं, पण मी थोडीच सांगितलं असतं. माझं वर्ष त्या क्षणी त्यांच्या जिभेवर होतं.

मग सर सावकाश, एकेक शब्द ठेवत, कन्नडमध्ये म्हणाले, “एक्स मात्र सरिसिदर यरडू कडे म्याल होगतैतिरी. अदक्क मिनिमम् अंताळ.”

मी बोलले होते तेच. त्यात काही भर नव्हती, काही वगळलेलंही नव्हतं. पण माझ्या वाक्यातला एक शब्द भाषांतर न होता तसाच पलीकडं गेला होता. मी तो नुसता सवयीनं बोलले होते. सरांच्या तोंडून तो त्यांच्या भाषेत बाहेर पडला आणि तिथं त्याला अर्थ होता. एक्स मात्र. फक्त एक्स. मी फक्त एक्स हलवला होता. ती मुंगी मीच होते.

परीक्षकांचं पेन कागदाला टेकलं.

“सर, थांबा,” मी म्हणाले. आवाज मोठा आला. “मात्र वाय हलवला तर खाली जातंय. दोन्हीकडं खाली.”

सरांनी मान वर केली. या वेळी ते अडखळले नाहीत. “आदर,” त्यांनी सुरुवात केली. आदर म्हणजे कन्नडमध्ये ‘पण’. “आदर वाय सरिसिदर केळग होगतैतिरी.”

माझा ‘मात्र’ त्यांनी ‘पण’ केला होता. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना आमचा ‘मात्र’ बरोबर कळला.

“सो?” परीक्षकांनी विचारलं.

“सॅडल पॉइंट, सर.” याला भाषांतर लागलं नाही.

“एक्झाम्पल?”

“पापड.”

“एनु?”

सरांनी पापड कन्नडमध्ये नेला. “हप्पळरी.”

परीक्षक माझ्याकडं बघत राहिले, मग सरांकडं, आणि मग हसू लागले. हसताहसताच त्यांनी मार्क लिहिले. “अँड वन मोअर?” त्यांनी विचारलं. मी खिंड सांगितली. रस्त्यानं येणारा आणि कड्यावरून गुरं आणणारा, दोघंही सांगितले. सर एकेक वाक्य पलीकडं पोचवत होते. तेव्हा त्यांचे हात पुन्हा टेबलावर आले होते.

सगळ्यांची परीक्षा उरकल्यावर सर कँटीनच्या पायरीवर चहा घेत उभे होते. मी आणि सुजाता गेलो. मला आभार मानायचे होते. ते सोडून मी भलतंच विचारलं. “सर, मी चुकीचं सांगितलं तेव्हा तुम्ही थांबला होता का?”

“हां. थांबलो.”

“बदलणार होता?”

सरांनी चहाकडं बघितलं. “मनात बदललं पण मी. दोन वेळा.” मग म्हणाले, “तू नंतर बोलली नसतीस तर आज डबा खाल्लो नसतो गं. तशीच परत नेलो असतो.”

“तसाच, सर,” सुजाता म्हणाली. “डबा तो.”

“डबा तो,” सर म्हणाले. “बरं, तो घ्या.” आणि त्यांनी डबा आमच्यापुढं केला. त्यात त्या दिवशी पापड नव्हता, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती. आम्ही उभ्याउभ्याच खाल्ली.

मी पास झाले. वसतिगृहाची जागा राहिली. आप्पांना फोन केला तर म्हणाले, “झालीस न्हवं? मग बास.” आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

नव्या वर्षाची यादी कॉलेज सुरू झाल्यावर लागली. कार्यालयाबाहेरच्या फलकावर चिकटवली होती. सरांचं ते त्या तक्रारीमुळं झालं, असं कुणी म्हणालं. तास कमी झाले होते, असं दुसरं कुणी. सरांच्या बायकोची बदली झाली आणि त्यांनी अर्जच केला नाही, असंही ऐकलं. खरं काय ते मला माहीत नाही. मी धीर करून एकदा त्यांना फोन लावला. ते बसमध्ये होते, मागं कंडक्टरचा आवाज येत होता. कुठल्या बसमध्ये ते मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, “आता काय हाय तुम्हाला?”

“रिअल अनॅलिसिस, सर.”

“लई सोपं हाय गं,” ते म्हणाले, आणि रेंज गेली.

पण मला सांगायचं होतं ते त्या यादीबद्दल. फलकापुढं गर्दी होती. सुजाता पुढं होती, मला दिसत नव्हतं. मी मागून विचारलं, “कोण कोण आहेत गं?” तिनं वरून खालपर्यंत वाचलं. रसायनशास्त्राच्या मॅडम होत्या. भौतिकशास्त्राचे दोन्ही सर होते. कन्नडचे होते, इंग्रजीच्या होत्या. गेल्या वर्षीचे झाडून सगळे होते.

“सर मात्र न्हाईत,” ती म्हणाली.

मी तिथंच उभी राहिले. हा ‘मात्र’ मराठीतला होता की कन्नडमधला, हे मी तिला विचारलं नाही. दोन्हीकडून वाक्य बरोबरच होतं.